चित्रपटाचें ज्ञान आणि चित्रपटाचा आनंद

चित्रपटाची कृति एकदां कळली म्हणजे तो पाहण्याची गोडी संपते, अशी तक्रार पुष्कळदां ऐकूं येते. नाशिककरांना तिचा निवाडा घरींच सांपडेल.

त्र्यंबकेश्वरीं जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनीं 1910 च्या सुमारास मुंबईंत ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त हिंडत होता आणि त्यांच्या मनश्चक्षूंपुढें राम-कृष्ण उभे राहत होते. मग त्यांनीं चित्रपट पाहण्याचा असा ध्यास घेतला कीं, डोळे अधू होण्याची वेळ आली. कुंडींत वाटाणा पेरून, त्याच्या वाढीचीं चित्रें थोडथोडीं टिपून, त्यांनीं अंकुर पडद्यावर झरझर वाढतांना दाखविला. ही युक्ति ज्याला ठाऊक, त्याला चमत्कार उरत नाहीं. पण त्यामागची चिकाटी त्यालाच दिसते.

‘राजा हरिश्चंद्र’ (1913) मधील तारामती म्हणजे अण्णा साळुंके हे पुरुष नट. हें कळल्यावर आधीं हसूं येतें, आणि करुणरसाची थोडी हानि होतेच. ती नाकारण्यांत अर्थ नाहीं. पुढें फाळके नाशकास आले. 1917 सालच्या ‘लंकादहन’ चित्रपटांत राम आणि सीता या दोन्ही भूमिका साळुंक्यांनींच केल्या. तेथें मात्र जाणत्याला हसण्यास सवड कोठली? एकाच देहाची चाल कशी पालटते, हें निरखण्यांतच तो गुंतणार.

खुद्द फाळक्यांनीं तर चित्रपट कसे तयार होतात, हें दाखविणारा एक छोटा चित्रपटच काढला. रहस्य फुटल्यानें गिऱ्हाईक तुटेल, ही भीति त्यांना वाटली नसावी.