रुमाल दिसतो, वळसा दिसत नाही

भीमेकाठच्या वडगाव रासाईत काय किंवा नदीपलीकडे दौंडच्या गावांत काय, पोराच्या खिशात माव्याची पुडी सापडली की घरात पहिलं वाक्य ठरलेलं असतं: संगत वाईट लागली. कधी ते खरंही असतं. पण हा ऊसपट्टा आहे. इथं बिबट्यानं झडप घातलेली पाहिलेली लेकरं आहेत, दारूच्या नशेत आईला मारणारा बाप रोज पाहणाऱ्या मुली आहेत. पुडीमागे असा आघातही असू शकतो.

समजा, पंधरा वर्षांचा एक मुलगा आहे. उसाच्या ट्रॉलीखाली थोरला भाऊ त्याच्या डोळ्यांदेखत गेला. वर्ष उलटलं, तरी ट्रॅक्टरचा आवाज आला की घास हातातच राहतो. रात्री घामाघूम होऊन उठतो. शाळेला डांबरी रस्त्यानं जात नाही, बांधाबांधानं लांबून जातो. पंक्चरचं सोल्युशन रुमालावर घेऊन हुंगलं की घटकाभर डोक्यातला आवाज थांबतो. घरच्यांना रुमाल सापडतो आणि मार बसतो. तो वळसा का घेतो, हे कुणी विचारत नाही.

‘आधी नशा सुटू दे, मनाचं मग बघू.’ सगळ्यात जास्त नुकसान करणारा समज हाच. नशा थांबली की दाबून ठेवलेली भीती आणि वाईट स्वप्नं उसळून वर येतात, आणि तेवढ्यासाठीच पोरगा पुन्हा रुमाल शोधतो. म्हणून दोन्हींवर एकाच वेळी, एकाच माणसाकडून उपचार व्हावेत. अमेरिकेत १३ ते १८ वयाच्या १२४ मुलामुलींवर हे तपासलं गेलं. निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. कुटुंबाला सोबत घेऊन दोन्हींवर एकत्र काम केलं, तेव्हा दीड वर्षाच्या पाहणीत नशेचे दिवस नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त कमी झाले. आघाताची लक्षणं दोन्ही गटांत उतरली. म्हणजे मनाला हात घातल्यानं नशा वाढते, ही भीती निराधार ठरली.

याला एक अपवाद मात्र आहे. रोज भरपूर दारू पिणाऱ्यानं ती एकदम सोडली तर झटके येऊ शकतात. तिथं आधी दवाखाना. आणि सोल्युशन, व्हाइटनर हुंगणं हा पोरखेळ नाही, त्यानं हृदय अचानक बंद पडू शकतं. केंद्र सरकारच्या २०१९च्या पाहणीत हुंगायच्या नशेचं प्रमाण मोठ्यांत ०.५८ टक्के, तर १० ते १७ वयात १.१७ टक्के निघालं. ही नशा मोठ्यांपेक्षा मुलांचीच जास्त आहे.

‘विषय काढू नका, विसरेल.’ बहुतेक मुलं काही आठवड्यांत सावरतात, हे खरं. महिना उलटूनही दचकणं, टाळणं, झोप उडणं चालू असेल, तर आपोआप विसरण्याची वाट पाहू नये. अर्थात पारावर चार माणसांत त्याला ‘सांग काय झालं’ म्हणणं हा उपचार नव्हे. समुपदेशक आधी श्वास आणि झोप स्थिर करायला शिकवतो, मग मुलाच्या चालीनं आठवणीकडे जातो.

‘केंद्रात डांबा, सुधारेल.’ डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तेव्हापासून व्यसन हा आजार आहे हे महाराष्ट्र ऐकतो आहे. आजाऱ्याला कुणी डांबत नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार अल्पवयीन मुलाला दाखल करायचंच झालं, तर मोठ्या रुग्णांपासून वेगळं ठेवावं लागतं आणि घरचं किंवा घरच्यांनी नेमलेलं माणूस पूर्ण वेळ सोबत लागतं. जे केंद्र ‘तुम्ही जा, महिन्यानं या’ म्हणेल, तिथून पोराला परत आणा. बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे मुलाला दारू, तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. मग जाब पोराला का विचारायचा?

सुरुवात फोननंही होते. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. घरातच मारहाण असेल, तर मुलांची मदतवाहिनी १०९८.

ट्रॉलीखाली भाऊ गमावलेल्या त्या मुलाचा उपचार, श्वास आणि झोप स्थिरावली की, पुढं असा चालेल: पहिल्या आठवड्यात बापासोबत ओट्यावर बसून लांबून जाणारा ट्रॅक्टर ऐकायचा. नंतर फाट्यापर्यंत चालत जायचं आणि परत यायचं. मग एके दिवशी, भाऊ जिथं गेला त्या जागी दोघांनी उभं राहायचं, भीती उतरेपर्यंत.