बेटावरच्या मांजरांची पाठवणी

मांजर माणसापेक्षां घराला अधिक धरून राहतें, असा आपल्याकडे समज आहे. परंतु ज्या मांजरांनीं घर कधीं पाहिलेंच नाहीं, त्यांना नवें घर कसें द्यावयाचें? हा प्रश्न अमेरिकेंतील सॅन निकोलस बेटावर उभा राहिला होता.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून सुमारें ६० मैलांवर, पॅसिफिक महासागरांत हें बेट आहे. क्षेत्रफळ अवघें २२ चौरस मैल. मालकी अमेरिकन आरमाराची. मांजर तेथील मूळचा प्राणी नव्हे. माणसांनीं नेलेल्या मांजरांची प्रजा रानांत वाढली आणि समुद्रपक्षी, उंदीर, तसेंच त्या भागांतील तीनच बेटांवर आढळणारा एक सरडा यांना ती भक्षूं लागली. यांत मांजराला दोष देण्यांत अर्थ नाहीं. भुकेलें मांजर शिकार करणारच. पण तो पक्षी, तो सरडा यांना पळून जाण्यास दुसरी जागा नव्हती.

मांजरें मारून टाकावीं, असा पहिला बेत होता. तेव्हां ह्यूमेन सोसायटी ही प्राणिदयेची संस्था पुढें आली व जिवंत पकडलेल्या मांजरांचा आम्हीं आजन्म सांभाळ करूं, असें तिनें कबूल केलें. दया दाखविणें सोपें असतें. तिचा खर्च पत्करणारे थोडे.

पकडण्याचें काम मात्र अवघड होतें. याच बेटावर मांजराएवढाच, जगांत अन्यत्र कोठेंही नसलेला खोकडाच्या जातीचा एक लहान प्राणी राहतो. मांजरासाठीं मांडलेलें आमिष त्यालाही आवडतें. म्हणून विषाचा उपाय करतां येईना. सांपळ्यांत त्याचा पाय अडकला, तर तो फार वेळ तसा राहतां कामा नये. यासाठीं मऊ जबड्याचे सांपळे घेतले आणि प्रत्येकाला बिनतारी संदेश देणारें यंत्र जोडलें. सांपळा मिटला कीं दूर बसलेल्या माणसांना तत्काळ कळे. उंदरांच्या सभेंत मांजराच्या गळ्यांत बांधावयाची घंटा येथें सांपळ्याला बांधली गेली, असें म्हणावयास हरकत नाहीं. दुखावलेल्या खोकडांसाठीं पशुवैद्यही सज्ज ठेवले होते.

या खर्चाची हकीकतही विलक्षण आहे. लॉस एंजेलिसजवळच्या समुद्रांत पूर्वीं डी. डी. टी. मिसळलें होतें. त्यामुळें पक्ष्यांच्या अंड्यांचीं कवचें पातळ होऊन तीं फुटत. त्याबद्दल कोर्टांत झालेल्या तडजोडीनें मिळालेल्या पैशांतून हें काम झालें.

२००९ व २०१० या दोन सालांत ५९ मोठीं मांजरें व १० पिल्लें पकडलीं गेलीं. विमानानें त्यांना मुख्य भूमीवर रॅमोना या गांवीं आणलें. मांजराचें पिल्लूं साधारणतः दुसऱ्या ते सातव्या आठवड्यांत माणसाच्या स्पर्शाला सरावतें. तो काळ हुकला म्हणजे वाढलेलें मांजर मांडीवर बसत नाहीं. कोंडलेल्या खोलींत तर तें भयानें कोपरा धरून राहतें. म्हणून मोठ्या मांजरांसाठीं भोंवतीं कुंपण घातलेलें मोकळें आवार बांधण्यांत आलें. त्यांच्यावर नसबंदीची शस्त्रक्रिया केली, लसी टोंचल्या, आणि उन्हांत बसावयास उंच फळ्या व लपावयास आडोसे दिले.

बेटावर एकही मांजर उरलें नाहीं, असें जाहीर झालें तें २०१२ मध्यें; तोंवर कुत्रे व कॅमेरे यांच्या साहाय्यानें शोध चालूच होता. सरड्याचें नांव २०१४ सालीं संकटग्रस्त प्राण्यांच्या सरकारी यादींतून काढण्यांत आलें. इतर बेटांवरील उपायांचाही त्यांत वाटा होता.