शनिवार पेठेतलं शाहू स्टेडियम

दुपारचे चार वाजलेत. पुण्यात रमणबाग शाळेजवळच्या गल्लीतल्या अमृततुल्यात गल्ल्याशेजारी क्रीमरोलची काचेची बरणी आहे आणि तिला टेकवून एक मोबाइल आडवा उभा केलाय. पडद्याच्या कोपऱ्याला तडा गेलेला. त्या वीतभर पडद्यावर कोल्हापूरचं शाहू स्टेडियम दिसतंय. पाटाकडील तालीम विरुद्ध खंडोबा तालीम, कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची म्हणजे केएसएची लीग.

भोवती कोल्हापूरची पोरं उभी आहेत, सगळी एमपीएससीवाली. वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे, तिथं टेबलावर पुस्तकं उघडी टाकून खाली उतरलीत.

"काका, या की. जागा धरलीया तुमची."

बाकड्याचं टोक मला मिळतं. नोकरीसाठी कोल्हापूर सोडून या पेठेत आलो, संसार इथंच झाला, पण फुटबॉलचा विषय निघाला की मी शिवाजी पेठेतलाच. पोरांना ते ठाऊक आहे. बघता बघता दुकानात दोन बाजू पडतात. पाटाकडीलवाले दाराच्या अंगाला सरकतात, खंडोबावाले भट्टीकडे. कुणी सांगितलेलं नसतं. स्टेडियममध्येही असंच होतं. आपली माणसं कुठल्या पायऱ्यांवर असतात हे लहान पोरालाही कळतं.

पाटाकडीलला कॉर्नर मिळतो. बॉल हवेत येतो, डोक्यांच्या गर्दीतून एक डोकं वर निघतं आणि बॉल क्रॉसबारला थडकून परत मैदानात. दाराकडून "आरं मर्दा!" आणि भट्टीकडून सुटकेचा श्वास, दोन्ही एकाच वेळी. चहावाला गाळणं हातात धरून थबकलाय.

माझ्या घरात ही मॅच म्हणजे अवघड दिवस. वडील खंडोबाचे, आईचं माहेर मंगळवार पेठेत, म्हणजे मामा झाडून सगळे पाटाकडीलचे. मॅचच्या सकाळी मामा मुद्दाम घरावरून जायचे, सायकलची घंटी वाजवत. वडील बाहेर यायचे नाहीत. आई दोघांनाही चहा द्यायची, पण ती कुणाच्या बाजूची हे तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. मी मात्र वडिलांच्या सायकलच्या नळीवर बसून स्टेडियमला जायचो. खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी मध्यंतरापर्यंत पुरवायची असा वडिलांचा नियम. तेव्हा बॉलला चामड्याची शिवण आणि वर वादी बांधलेली असायची. पावसात तो भिजून दगडासारखा जड व्हायचा. त्याच्यावर हेड मारणाऱ्याच्या कपाळावर वादीचा वळ उठायचा आणि तो वळ घेऊन खेळाडू दुसऱ्या दिवशी पेठेतून मान ताठ ठेवून फिरायचा. मी तो वळ हात लावून बघितलाय.

बाहेरच्या माणसाला फुटबॉल क्लबाच्या नावात तालीम कशी, याचं नवल वाटतं. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, 1912 साली खासबाग मैदान उभं राहिलं, पेठापेठांत तालमी घुमू लागल्या. पुढं त्याच तालमींच्या पोरांनी बॉलला पाय लावला. दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, खंडोबा, पाटाकडील. आज वरिष्ठ गटात 16 संघ आहेत. थंडीत लीग, मग पावसाळा तोंडावर येईपर्यंत एकामागून एक चषक. संघांत नायजेरियातून आलेले खेळाडू दिसतात आणि पायऱ्यांवरून त्यांनाही "हाण भावा" अशीच हाक जाते.

या ईर्ष्येला वाईट बाजूही आहे. हुल्लडबाजी झाली, मॅच थांबल्या, पोलिसांना मैदानात उतरावं लागलं. मला त्याची चीड येते. दगड उचलणाऱ्याला मी कुठल्याच तालमीचा मानत नाही.

मध्यंतर होतं. चहाचे पेले फिरतात. चहावाल्याचा मुलगा, आठवीतला, अर्जेंटिनाची दहा नंबरची जर्सी घालून मघापासून उभा आहे. तो मला विचारतो, "आजोबा, यात पुण्याची टीम कुठली?"

पोरं माझ्याकडे बघतात.

"यात नाही. पण पुण्याला होत्या टीम," मी सांगतो. पुणे एफसी 2007 मध्ये निघाली. मनपावरून बालेवाडीची बस धरून मी मॅचला जायचो. 2012-13 च्या आय-लीगमध्ये तो संघ चर्चिल ब्रदर्सच्या पाठोपाठ दुसरा आला. गोवा, कोलकाता यांच्या ओळीत पुणं बसलं होतं. मग 2014 मध्ये आयएसएलचा एफसी पुणे सिटी आला. पहिल्याच मोसमात त्रेझेगे पुण्याकडून खेळला. 1998 चा विश्वचषक जिंकणाऱ्या फ्रान्सच्या संघातला माणूस! मुंबईनं 2014 च्या 18 ऑक्टोबरला आपल्याला 5-0 नं हरवलं, तेव्हा मी रात्री जेवलो नाही. आणि 2018 ची उपांत्य फेरी. बालेवाडीत बंगळूरुला 0-0 वर रोखलं, पण परतीच्या मॅचला सुनील छेत्रीनं एकट्यानं तीन गोल घातले.

"मग आता?"

"2019 मध्ये तो संघ संपला. त्याच्या जागी लीगमध्ये हैदराबाद आलं. पुणे एफसी त्याच्याही आधी गेली होती. डीएसके शिवाजीयन्स आली, तीही गेली."

"सगळ्याच?"

सगळ्याच. आणि मला सर्वांत जास्त हेच लागतं. गावभर ओरडणारी माणसं होती, बालेवाडीला मैदान होतं, खेळाडू होते. आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकला आणि 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. नव्हती ती फक्त पेठ. पाटाकडील किंवा खंडोबा हरली, पैसा आटला, स्पर्धा बंद पडली, तरी तालमीचं दार सकाळी उघडतं. कारण किल्ली शेजारच्याच घरात असते. या शनिवार पेठेत ढोल-ताशाच्या सरावाला केवढी पोरं जमतात! गणपतीच्या दिवसांत मंडळासाठी रात्र रात्र जागतात. त्यातल्या एका मंडळानं जरी फुटबॉल हातात घेतला असता, तरी आज या मुलाला माझ्याकडे विचारायला यावं लागलं नसतं.

"मग मी कुणाचा?" तो विचारतो.

"पाटाकडीलचा!"

"खंडोबाचा! हिकडं ये रं."

"थांबा की. पेठ कुठली तुझी?"

"शनिवार."

"आमच्याकडं पण हाय शनिवार पेठ!" दाराकडचा एक जण उडी मारतो. मग कोल्हापूरच्या शनिवार पेठेतली माणसं कुणाच्या बाजूनं जातात यावर जुंपते. कुणाचा चुलता निघतो, कुणाची आत्या. एकाने तर घरी फोन लावलाय. त्या गोंधळात चहावाल्याचा मुलगा बॅनरवर कुठली नावं असतात, लीग किती दिवस चालते, हे सगळं विचारून घेतोय.

"आधी बघ," मी त्याला माझ्या शेजारी बसवून घेतो. "मोसम संपेपर्यंत सगळ्यांच्या मॅच बघ. मग ज्याच्या हरण्यानं तुला जेवण जाणार नाही, तो तुझा संघ."

पंचांची शिट्टी होते. तेवढ्यात गिऱ्हाईक येतं, चहावाला क्रीमरोलसाठी बरणी उचलतो, मोबाइल पालथा पडतो आणि दोन्ही बाजू पहिल्यांदाच एका सुरात ओरडतात.