ओवी सगळ्यांची, नाव गाणारीचं

मुळशी म्हटले की टाटांचे धरण, 1921चा सत्याग्रह आणि सेनापती बापट आठवतात. हल्लीच्या लोकांना लवळ्याची विद्यापीठे आणि डोंगरउतारावरचे बंगले आठवतात. ज्ञान सर्वांना खुले ठेवण्याचा महाराष्ट्रातला एक फार मोठा प्रयोगही याच डोंगरांत रुजला, याची आठवण मात्र क्वचितच निघते. त्या प्रयोगाचे भांडवल होते जात्यावरच्या ओव्या.

हेमा राईरकर आणि फ्रान्समध्ये जन्मलेले गी पॉइटवँ ही दोघे पुण्याच्या सेंटर फॉर को-ऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस या संस्थेचे आधारस्तंभ. मुळशीच्या खेड्यांत गरीब डोंगरी संघटनेचे काम करताना त्यांचा बायकांशी रोजचा संबंध आला. सभेत न बोलणाऱ्या बाया ओवीत मात्र नवरा, सासर, माहेर, सीतेचा वनवास, पंढरीची वाट असे सगळे सांगून मोकळ्या होतात, हे त्यांना उमगले. तेव्हापासून ओव्या उतरवून घेणे सुरू झाले आणि पुढची कित्येक वर्षे थांबले नाही. 1 लाखाहून अधिक ओव्या जमल्या. त्या एक हजाराहून अधिक गावांतल्या, तीन हजारांहून अधिक बायकांच्या तोंडच्या आहेत.

यात मला सर्वांत मोलाची वाटते ती कामाची रीत. बाहेरच्या विद्वानाने यावे, टेप लावावा आणि निघून जावे, असे येथे झाले नाही. नांदगावच्या कुसुमताई सोनवणे, कोळवडे गावच्या ताराबाई उभे या स्वतः गाणाऱ्या होत्या आणि कामातल्या कार्यकर्त्याही होत्या. ओवीचा अर्थ काय, ती कोणत्या प्रसंगी गातात, हे गावातल्या बायकांबरोबर बसून समजून घेतले जाई. या कामाचा पाया स्वशिक्षणाचा होता. आपल्याला जे येते तेही ज्ञान आहे, हे आधी आपल्यालाच पटायला हवे, एवढा साधा आणि अवघड तो पाया.

ओवी मुळात खुलीच. भल्या पहाटे दोघी जात्याला बसायच्या. एका हाताने खुंटा ओढायचा, दुसऱ्या हाताने मूठमूठ दाणे वैरायचे. एकीने ओवी सुरू करायची, दुसरीने उचलायची. माहेरी शिकलेली ओवी लग्नानंतर सासरी जायची. तिथे भावाचे नाव बदलायचे, नदी बदलायची, कधी दुसरी ओळच नवी यायची. अशा बदलाला कुणाची परवानगी लागत नसे आणि मूळची ओवीही आपल्या गावी सुखरूप राहत असे. गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली, आणि गाण्याची रोजची वेळच संपली.

संगणकाच्या जगात नेमक्या याच मोकळेपणासाठी भांडावे लागले. अमेरिकेतल्या एमआयटीत रिचर्ड स्टॉलमन यांना प्रयोगशाळेच्या प्रिंटरची आज्ञावली हवी होती. कागद अडकला की सूचना मिळेल अशी सोय त्यांना तिच्यात करायची होती. ती द्यायला नकार मिळाला. पुढे 1983 मध्ये त्यांनी मुक्त आज्ञावलीचा जीएनयू प्रकल्प जाहीर केला. आज्ञावली वापरावी, उघडून अभ्यासावी, बदलावी आणि वाटावी, ही त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीची चार स्वातंत्र्ये. जात्यावरच्या बाईला ती चारही होती.

एक गोष्ट मात्र तिच्याकडे नव्हती. मुक्त आज्ञावलीबरोबर तिच्या कर्त्याचे नाव पुढे जाते. ओवीबरोबर बाईचे नाव जात नसे. लोकसाहित्याच्या संग्रहांतही ‘एका खेडुत स्त्रीकडून’ एवढीच नोंद पुष्कळदा असते. मला हा अन्याय वाटतो. मुळशीतून वाढलेल्या या संग्रहाने तो दूर केला. प्रत्येक ओवीला विषयवारीची अक्षर-आकड्यांची खूण आहे आणि सोबत गाणारीचे नाव व गाव आहे. 1990च्या दशकात बर्नार्ड बेल या संगीत-अभ्यासकाने हे सारे संगणकावर आणले, ध्वनिमुद्रणे केली. पॉइटवँ 2004 मध्ये गेले, हेमाताई 2010 मध्ये. अशी कामे कर्त्यांच्या मागे कपाटात कुजतात, हा आपला नेहमीचा अनुभव. येथे तसे झाले नाही, कारण सामग्री दुसऱ्याच्या हाती देता येईल अशीच रचलेली होती. पी. साईनाथ यांच्या पारी या ग्रामीण संग्रहाने 2017 पासून या ओव्या ध्वनी, मराठी मजकूर आणि भाषांतरासह प्रसिद्ध करायला सुरुवात केली. पारीचे लोक पुन्हा गावांत गेले, हयात असलेल्या बायकांना भेटले, त्यांचे नव्याने चित्रीकरण केले. आज फोन असलेल्या कुणालाही हे विनामूल्य ऐकता येते.

युनेस्कोच्या व्यासपीठावर 2002 मध्ये मुक्त शैक्षणिक साहित्याची कल्पना मांडली गेली. तेव्हापासून पुष्कळ पाठ, पुस्तके, व्याख्याने जगभर खुली झाली. हे उत्तमच झाले. पण त्यातला बहुतेक प्रवाह वरून खाली वाहतो. मोठी विद्यापीठे देतात, खेड्यातला मुलगा घेतो. पौड खोऱ्यातल्या शाळेतल्या मुलीची आजी काही देऊ शकते, हे त्या व्यवस्थेत कुणाच्या मनात येत नाही. मुळशीच्या कामाने ते चाळीसेक वर्षांपूर्वी मनात आणले.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने डिसेंबर 2002 मध्ये आले. त्यांतला एक प्रकार वाटायला मुभा देतो, बदलायला देत नाही. गाणारीची चाल उचलून कुणी नाव न घेता पैसा करील, ही भीती खरी आहे, म्हणून असे कुंपण हवेसे वाटते. तरीही ओवीला हे कुंपण लावू नये, असे माझे मत आहे. नाव घेण्याची सक्ती असावी, धंद्यासाठी वापरताना परवानगी आणि मोबदला असावा, पण नव्या मुलीला नवी ओळ जोडता आलीच पाहिजे. बदलता न येणारी ओवी म्हणजे संग्रहालयातली वस्तू.

मुळशीतल्या आणि बाहेरच्याही शिक्षकांना म्हणून विनंती आहे. मराठीच्या एका तासाला आपल्याच तालुक्यातली ओवी वर्गात ऐकवा. मग मुलांना घरी पाठवा. आजीला, शेजारणीला येणारी ओवी तिच्या परवानगीने फोनवर घ्यायला सांगा, आणि खाली तीन गोष्टी लिहायला लावा: गाणारीचे पूर्ण नाव, गाव, तारीख. ज्यांना ओव्या पाठ आहेत त्या बाया आता सत्तरी-ऐंशीत आहेत. हे काम याच वर्षी करा.