पतअहवाल कसा वाचावा?

'पत' हा आपल्या भाषेतला जुना शब्द. पूर्वी माणसाची पत वाण्याच्या वहीत आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तोंडी असे. आज ती कागदावर उतरली आहे, आणि ज्याची पत त्यानेच तो कागद बहुधा पाहिलेला नसतो. कामगारवस्तीत हिंडताना आम्हांस हे पदोपदी दिसते. 'तुमचा सिबिल खराब आहे' एवढे ऐकले, की सरकारी शिक्का बसावा तसा मनुष्य मान खाली घालून बँकेतून परततो.

मुळात सिबिल हे सरकारी खाते नव्हे. २००० साली स्थापन झालेली ती एक कंपनी. इक्विफॅक्स, एक्स्पीरियन व क्रिफ हायमार्क या आणखी तीन कंपन्या हेच काम करतात. त्यांना २००५ चा कायदा लागू असून देखरेख रिझर्व्ह बँकेची आहे. बँकांनी कळविलेल्या नोंदी त्या जुळवून ठेवतात. कर्ज द्यायचे की नाही, हे बँकच ठरविते. ३०० ते ९०० यांमधला जो गुणांक, तो या नोंदींवरून काढलेला असतो. बँकेतली शिल्लक त्यात धरीत नाहीत. वाण्याची उधारी वर्षानुवर्षे चोख फेडणाऱ्या बाईची पत या कागदाला ठाऊकच नाही!

गुणांकापेक्षा आतली पाने पाहावीत. प्रत्येक कर्जापुढे महिन्याचा चौकोन असतो व हप्ता किती दिवस थकला तो आकडा त्यात असतो. शून्य म्हणजे थकबाकी नाही. हप्ता पगार थकल्याने चुकला की चैनीने, हे चौकोन सांगत नाही. कागदाचा हा मोठाच दोष आम्ही मानतो.

सर्वांत फसवा शब्द 'सेटल्ड'. गिरणी किंवा कारखाना बंद पडला, बँकेने थोडी रक्कम घेऊन उरलेली सोडून दिली, की आपल्या माणसाला वाटते, सुटलो. अहवालात मात्र 'पूर्ण फेड नाही' असाच त्याचा अर्थ लावला जातो. पुरती फेड झाली असेल तर 'क्लोज्ड' हा शब्द हवा. तडजोडीच्या कागदावर सही करण्यापूर्वी कोणती नोंद होणार, हे लेखी विचारावे. तीच गोष्ट जामिनाची. मित्रासाठी केलेली सही आपल्याही अहवालात उमटू शकते आणि त्याची थकबाकी आपल्या कर्जाच्या आड येते.

प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट दिलाच पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा २०१६ चा आदेश आहे. स्वतःचा अहवाल स्वतः मागितल्याने गुणांक घटत नाही. न घेतलेले कर्ज किंवा फेडूनही उघडे राहिलेले खाते दिसले, तर कंपनीकडे व बँकेकडे लेखी तक्रार करावी व पोच जपून ठेवावी. तीस दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढे दर दिवशी १०० रुपये भरपाई देण्याचा नियम २०२३ साली काढण्यात आला. हे पैसे मागण्यात लाजण्यासारखे काही नाही. तेवढ्यानेही दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज करता येतो; त्यास फी नाही, वकीलही लागत नाही.