दोस्त देशांच्या भांडणात ड्युटीचा भार कोणावर?

भारत आणि अमेरिका हे दोस्त देश. 2016 साली अमेरिकेने भारताला ‘प्रमुख संरक्षण भागीदार’ ठरविले. तरीही व्यापारात दोघांचे खटके उडतात. त्याची झळ चिंचवडच्या लेथवाल्यापर्यंत कशी पोहोचते, हे आपण समजून घेतले पाहिजे.

मार्च 2018 मध्ये अमेरिकेने राष्ट्रीय सुरक्षिततेचे कारण देऊन परदेशी पोलादावर 25 टक्के व ॲल्युमिनियमवर 10 टक्के ड्युटी लावली. भारतालाही त्यातून सूट मिळाली नाही. विकसनशील देशांच्या ठरावीक मालाला अमेरिकेत बिनड्युटी प्रवेश देणारी ‘जीएसपी’ सवलतही भारतासाठी 5 जून 2019 पासून बंद झाली. भारताने 16 जूनपासून 28 अमेरिकन वस्तूंवर जादा ड्युटी बसविली. सोललेल्या बदामावर किलोमागे 20 रुपये वाढले. अक्रोड, सफरचंदही त्यात आले. झगडा पोलादाचा आणि भार ईदच्या शीरखुर्म्यावर!

2023 मध्ये जागतिक व्यापार संघटनेतील दावे दोन्ही सरकारांनी आपसात मिटविले, तेव्हा सुक्यामेव्यावरील जादा ड्युटी निघाली. ऑगस्ट 2025 मध्ये पुन्हा ठिणगी पडली. अमेरिकेने भारताच्या बऱ्याच मालावरील जादा ड्युटी दोन टप्प्यांत 50 टक्क्यांवर नेली. आम्हा कापडवाल्यांचा माल, सोलापूरचे टॉवेलसुद्धा, त्यात सापडला.

ड्युटी भरतो तो तिकडचा आयातदार. पण तो इकडच्या निर्यातदाराकडे भाव कमी मागतो किंवा ऑर्डर थांबवितो. कारखाना व्हेंडरला दाबतो, व्हेंडर जॉबवर्क करणाऱ्याला. शेवटच्या माणसाचे पेमेंट अडकते. सरकारांची तडजोड व्हायला पाच वर्षे लागली. हप्त्यावर मशीन घेतलेला कारागीर पाच महिनेही थांबू शकत नाही.

म्हणून तीन गोष्टी कराव्यात. आपला पार्ट शेवटी कोणत्या देशात जातो, हे गिऱ्हाइकाला विचारावे. ड्युटी वाढली किंवा ऑर्डर रद्द झाली तर तयार मालाचे पैसे कधी व किती मिळणार, हे आधीच लेखी घ्यावे. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद कुरआन शरीफमध्ये सूरह बकरात आहेच; ओळखीच्या गिऱ्हाइकालाही ती लागू आहे. आणि सगळी मशिने एकाच गिऱ्हाइकाच्या कामाला जुंपू नयेत. थोडे काम देशातल्या बाजारासाठी राखावे.

दोस्त देशांनाही आपसातले करार लिहावे लागतात. आपण तर लहान व्यापारी आहोत.