इंग्रजी शब्द पाठ, तरी वाक्य अडतं? मुलांना शब्दांच्या जोड्या शिकवा

आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं. दहावीपर्यंत पोराला शेकडो शब्द येतात. पण 'फोटो काढ' इंग्रजीत सांग म्हटलं की पोरगं अडतं, नाहीतर 'रिमूव्ह फोटो' म्हणून मोकळं होतं. बरोबर आहे 'टेक अ फोटो'. शब्द दोन्ही माहीत होते, जोडी माहीत नव्हती.

जोडी म्हणजे काय?

आपण मराठीत थंडी 'वाजते' म्हणतो, भूक 'लागते' आणि ताप 'येतो'. का, ते कोणी सांगत नाही. कानाला सवय असते. इंग्रजीतही तसंच. अशा जोडीला 'कोलोकेशन' म्हणतात. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५० च्या दशकात हा शब्द रुजवला.

चूक कुठे होते?

आपण मराठीवरून शब्दाला शब्द लावतो. कडक चहा म्हणजे 'हार्ड टी' नाही, 'स्ट्राँग टी'. जोराचा पाऊस 'हेवी रेन', पण जोराचा वारा 'स्ट्राँग विंड'. लाइट 'क्लोज' करत नाहीत, 'स्विच ऑफ' करतात. मराठीत अभ्यासही 'करतो' आणि चूकही 'करतो'. इंग्रजीत मात्र 'डू होमवर्क' आणि 'मेक अ मिस्टेक'. आपण परीक्षा 'देतो' म्हणून 'गिव्ह एक्झाम' म्हणतो. ते भारतात चालून जातं, बाहेर 'टेक' म्हणतात.

वर्गात काय करता येईल?

१) वहीत सुटा शब्द लिहू नका, जोडी लिहा. 'मिस्टेक' नको, 'मेक अ मिस्टेक' लिहा.

२) फळ्यावर मधोमध 'टेक' लिहा, भोवती फोटो, बस, रेस्ट, मेडिसिन. 'मेक' दुसऱ्या दिवशी घ्या. एकदम घेतलं तर पोरं गोंधळतात.

३) जुन्या लग्नपत्रिकांचे तुकडे कापा. निम्म्यांवर जोडीचा पहिला भाग, निम्म्यांवर दुसरा. तुकडे वाटा आणि ज्यानं त्यानं आपला जोडीदार शोधायचा. खर्च शून्य.

४) पुस्तकातला धडा वाचताना रोज पाच जोड्यांखाली रेघ मारा. प्रत्येकीवर घरचं एक वाक्य करायला लावा. जसं, 'माय मदर मेक्स टी'.

५) उजळणी दुसऱ्या दिवशी, मग आठवड्यानं, मग महिन्यानं. जोडीतला एक शब्द हातानं झाका आणि विचारा. नुसतं वाचण्यापेक्षा आठवून सांगितलेलं जास्त टिकतं.

घरी आई-बापाला इंग्रजी येत नसलं तरी बिघडत नाही. वही हातात घ्या, मराठी अर्थ विचारा, पोराला जोडी म्हणू द्या. फोनवर त्याचा आवाज रेकॉर्ड करा आणि त्यालाच ऐकवा. रोज पाच जोड्या म्हणजे महिन्याला दीडशे. उद्या मुलाखतीत बसल्यावर शब्द जुळवत बसायची वेळ येणार नाही, अख्खी जोडीच तोंडात येईल.